चार टायरांचा हिशेब

सल्ला देण्यासाठी विषयाची माहिती असावी लागते, हा एक गैरसमज आहे. बँकेच्या काउंटरमागे बसून वीसेक वर्षं मी लोकांना सल्ले देत आलो आहे. एफडी मोडावी की दागिने ठेवावेत इथपासून ते नातवाचं नाव शाळेत कसं लावावं इथपर्यंत. यातला एकही विषय मला येत नाही. मला येते ती बेरीज. पण काचेपलीकडून समोरच्याला वाटतं की, हा एवढे शिक्के मारतोय त्या अर्थी याला काहीतरी कळत असणार.

अशा माणसाला कुणी कॅनडात नेऊ नये. पण माझ्या धाकट्या बहिणीने, वैजूने, नेलं. ती आणि आमचे मेव्हणे निखिलराव टोरांटोजवळ मिसिसागाला राहतात. त्यांना मुलगी झाली आणि मामाने यावं असा आग्रह झाला. तिकीट त्यांनी पाठवलं. त्यामुळे मलाही भाचीविषयी एकदम माया दाटून आली. मी नोव्हेंबरात पोचलो. बर्फाशी माझा तोपर्यंतचा संबंध एवढाच, की उसाच्या रसवाल्याला "बिनबर्फाचा दे" असं सांगायचं.

पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक कोटेशन आलं. हिवाळी टायर चार, लोखंडी रिम्ससकट, बसवणावळ धरून. आकडा हजार डॉलरच्या घरात होता. मी मनातल्या मनात रुपये केले आणि पाणी प्यायलो. गाडीला आधीच चार टायर होते. चांगले, काळे, गोल. त्यांच्या अंगावर "ऑल-सीझन" असं स्वच्छ लिहिलेलं होतं. ऑल म्हणजे सर्व, त्यात हिवाळा आला, इतपत इंग्रजी कॉमर्सवाल्यालाही येतं.

"निखिलराव," मी म्हणालो, "गाडी ओढतात कोण? पुढची चाकं. मग मागच्यांना कशाला पाहिजेत नवे टायर? ती नुसती मागून येतात. पुढे दोन घ्या. अर्धा खर्च वाचला."

निखिलराव इंजिनिअर आहेत, पण मेव्हण्याचा मान राखणारे आहेत. "तसंही बघता येईल, दादा," असं ते म्हणाले. वैजू काही बोलली नाही. गाडी जास्त तीच चालवायची. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. सकाळी साडेपाचला, सूर्य उगवायच्या दोन तास आधी, ती घरातून निघते.

हिशेब बरोबर असला की तो कागदावर सिद्ध करावा अशी आमच्या धंद्यातली सवय. निखिलराव कामावर, वैजू कामावर, भाची पाळणाघरात. मी जवळच्या लायब्ररीत जाऊन बसलो. दोन टायर पुरतात हे मला पुस्तकांतून काढून दाखवायचं होतं. त्या नादात मी बर्फाच्या टायरांच्या इतिहासात शिरलो आणि, खरं सांगतो, कधी नव्हे तो इतिहास मला आवडला. शाळेत तहांची कलमं पाठ करायला लावली होती, त्याऐवजी हे शिकवलं असतं तर!

सुरुवात झाली ती एका थकबाकीदारापासून. चार्ल्स गुडइअर. यांच्या नावाची कंपनी सगळ्यांना ठाऊक असते, पण ती काढली दुसऱ्यांनीच, १८९८ साली, हे वारल्यावर अडतीस वर्षांनी. त्या काळी कच्च्या रबराची गंमत अशी होती, की उन्हाळ्यात ते पाघळायचं आणि थंडीत लाकडासारखं कडक व्हायचं. गुडइअरने आयुष्य त्यापायी घालवलं. कर्जापायी अनेकदा तुरुंगात गेला. १८३९ च्या हिवाळ्यात गंधक घातलेलं रबर तापलेल्या शेगडीला लागलं आणि ते वितळण्याऐवजी चामड्यासारखं चिवट झालं. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटला. तो तुकडा त्याने म्हणे स्वयंपाकघराच्या दाराबाहेर कडाक्याच्या थंडीत खिळ्याने ठोकून ठेवला. सकाळी पाहिलं, तर मऊच. म्हणजे जगातली पहिली हिवाळी चाचणी एका कर्जबाजारी माणसाच्या घराबाहेर झाली. १८६० साली तो वारला तेव्हा दोन लाख डॉलरचं देणं मागे होतं. आमच्या शाखेत आला असता तर मीच त्याचा अर्ज परत केला असता. "उत्पन्नाचा दाखला जोडा" म्हणून.

पुढे मोटारी आल्या आणि पहिल्याच हिवाळ्यात अडकल्या. गुळगुळीत टायर बर्फावर जागच्या जागी फिरत बसत. मग ड्रायव्हर लोक चाकाला दोरखंड गुंडाळत. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनस्टोटा गावच्या हॅरी वीडने ते पाहिलं आणि दोराच्या जागी साखळी कल्पिली. १९०४ साली त्याला पेटंट मिळालं. साखळ्या आजही घाटरस्त्यांवर वापरतात. गाडी पुढे जाते खरी, पण आत बसलेल्याचे दात वाजतात, आणि बर्फ संपल्यावर उतरून, गुडघ्यावर बसून, गारठलेल्या बोटांनी त्या काढाव्या लागतात.

त्याच सुमारास मेरी अँडरसन नावाच्या बाई न्यूयॉर्कला आल्या होत्या. ट्रामचा ड्रायव्हर समोरच्या काचेवरचा बर्फ दिसेना म्हणून खिडकी उघडून कुडकुडत बसलाय, असं त्यांनी पाहिलं. त्यांनी आतून हाताने फिरवायचा वायपर काढला. पेटंट १९०३ चं. तो विकायला त्यांनी एका कॅनडियन कंपनीला विचारलं, तर १९०५ साली उत्तर आलं की या वस्तूला व्यापारी मूल्य विशेष दिसत नाही. पेटंटची मुदत संपली आणि मग घरोघरच्या गाड्यांना वायपर आले. बाईंना छदाम मिळाला नाही. कॅनडियन कंपनीच्या त्या कारकुनाविषयी मात्र मला का कोण जाणे आपुलकी वाटली. त्यानेही बेरीज बरोबरच केली असणार.

श्रीमंतांचे उपाय श्रीमंती होते. रशियाचा झार दुसरा निकोलस, याच्या मोटारखान्यावर आदोल्फ केग्रेस नावाचा फ्रेंच माणूस होता. बर्फातून झारसाहेबांची गाडी जावी म्हणून त्याने मागची चाकंच काढली, रणगाड्यासारखा रबरी पट्टा बसवला आणि पुढे घसरपट्ट्या जोडल्या. पुढे क्रांती झाली. झार गेला, केग्रेस फ्रान्सला परतला, पण युक्ती राहिली. खुद्द लेनिनच्या रोल्स-रॉइसला तसेच पट्टे आहेत. ती मॉस्कोजवळ गोर्कीच्या संग्रहालयात ठेवली आहे. क्रांतीने सगळं उलथवलं, रोल्स-रॉइस तेवढी चालू ठेवली! आणि फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीने तेच पट्टे लावलेल्या गाड्या १९२२ च्या डिसेंबरात थेट सहारा वाळवंटात घातल्या. बर्फासाठी काढलेली वस्तू वाळूत चालली. सरकारी योजना राबवताना असं नेहमी होतं, पण तिथे कुणी अभिनंदन करत नाही.

मध्यमवर्गीयांचा उपाय मात्र फिनलंडमधून आला, आणि इथे मी खुर्चीत सरसावून बसलो. कारण कंपनीचं गाव निघालं नोकिया! माझ्या आयुष्यातला पहिला मोबाइल नोकियाचा. त्यावर मी बँकेच्या जेवणाच्या सुट्टीत साप वाढवलेला आहे. तो फोन आणि हा टायर एकाच गोतातले. फिनिश रबर कारखाना १९६७ साली नोकियात विलीन झाला आणि १९८८ साली टायरवाले वेगळे निघाले. तर याच कारखान्याने १९३४ साली ट्रकांसाठी खास बर्फाचा टायर काढला. नक्षी खोल, आडव्या ठोकळ्यांची, म्हणजे साखळीचं काम टायरनेच करायचं. दोन वर्षांनी, १९३६ ला, मोटारींसाठी निघाला त्याचं नाव हाक्कापेलीट्टा. सतराव्या शतकात स्वीडनच्या राजाच्या फौजेत लढलेल्या फिनिश घोडेस्वारांचं हे नाव, त्यांच्या रणगर्जनेवरून पडलेलं. आपल्याकडे कुणी टायरला "मावळा" म्हणावं तसं. काळही जवळजवळ तोच.

आणि मग मला हवा तो पुरावा सापडला. हे टायर बाजारात स्थिरावले तेव्हा लोक किती घेत असत? दोन! ओढणाऱ्या चाकांना दोन. मोटारींची ओढ तेव्हा मागच्या चाकांवर असे, म्हणून मागे दोन नक्षीदार आणि पुढे दोन नेहमीचे. असं वर्षानुवर्षं चाललं. मी ते वहीत उतरवलं, खाली दोन रेघा मारल्या आणि घरी आलो.

त्या पहाटे पहिला बर्फ पडला होता. फार नाही, बोटभर. हवाही फारशी थंड नव्हती, शून्याच्या आसपास. मी खिडकीतून फोटो काढून डोंबिवलीला आईला पाठवला होता. आईचं उत्तर आलं होतं, "छान. वैजू पोचली का?"

वैजू पोचली होती. कशी पोचली ते संध्याकाळी कळलं. ती घरी आली, पण गाडीतून लवकर उतरेना. मी वरून बघतोय, दिवे बंद झाले, इंजिन बंद झालं, दार उघडेना. दहा मिनिटांनी वर आली. हातपाय धुतले, पोरीला घेतलं आणि मग कणीक मळता मळता म्हणाली, "दादा, सकाळी सिग्नल लाल झाला. मी ब्रेक मारला. पायाखाली नुसतं गडगडगडगड झालं आणि गाडी तशीच चौकात गेली. डावीकडून ट्रक आला. त्याने हॉर्न दिला, तो बाजूने गेला. एवढंच."

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "हळू होतीस ना?"

"हळूच होते रे. गाडी चालत होती छान. थांबतच नव्हती."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्याकडे दिवस आहे म्हणून नव्हे. वहीतल्या त्या दोन रेघा दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा लायब्ररीत गेलो आणि तीच पुस्तकं दुसऱ्या बाजूने वाचली. वैजूचं वाक्य घेऊन.

तेव्हा लक्षात आलं की दोरखंड, साखळ्या, झारचे पट्टे, मागचे दोन टायर, या सगळ्यांना एकच काळजी होती. गाडी निघावी कशी. अडकलेली गाडी सगळ्यांना दिसते, लोक ढकलायला येतात. न थांबलेली गाडी एकदाच दिसते. मागे दोन टायर घालणारी माणसं चढ चढून जात आणि उतारावर वळणाऐवजी सरळ जात, कारण वळायचं काम पुढच्या चाकांचं आणि थांबवण्याचं बहुतेक कामही त्यांचंच. माझी युक्ती याच्याही पुढची होती. पुढे दोन नवे आणि मागे दोन जुने, म्हणजे ब्रेक मारला की पुढचा भाग जमीन धरतो, मागच्याला धरायला काही नसतं, आणि तो ओव्हरटेक करून पुढे यायला बघतो. गाडी स्वतःभोवती फिरते. हे टायरवाले कळकळीने सांगतात. चौकशी खिडकीवर विचारलं असतं तर मलाही सांगितलं असतं.

थांबण्यासाठी पहिला मोठा प्रयत्न झाला तो खिळ्यांचा. १९६० नंतर टायरमध्ये कठीण धातूचे बारीक खिळे बसवायला लागले. काचेसारख्या बर्फावर ते खरोखर धरतात. पण बर्फ नसेल तिथे तेच खिळे रस्ता खातात. पश्चिम जर्मनीने १९७५ साली ते बंद केले. जपानमध्ये सेंदाई शहरात तर १९८० नंतरच्या हिवाळ्यांत उखडलेल्या डांबराची धूळ एवढी झाली, की लोक तोंडाला फडकं बांधून फिरत, आणि १९९० साली त्यासाठी वेगळा कायदाच झाला. फिनलंड-स्वीडनमध्ये खिळे अजून चालतात. मिसिसागा दक्षिण ओंटारियोत येतं, तिथे चालत नाहीत.

जपानने खिळे काढले आणि रबराकडे पाहिलं. म्हणजे दीडशे वर्षांनी गाडी परत गुडइअरच्या दारात आली. बर्फ घसरतो तो वरच्या पाण्याच्या पातळ थरामुळे. म्हणूनच उणे वीसपेक्षा शून्याजवळचा बर्फ जास्त लबाड, आणि वैजूची सकाळ नेमकी तसली. १९८८ साली ब्रिजस्टोनने जपानात ब्लिझॅक नावाचा टायर आणला. त्याच्या रबरात पावासारखी सूक्ष्म भोकं आहेत, ती हे पाणी टिपतात. शिवाय हिवाळी रबर थंडीतही मऊ राहील असंच कालवलेलं असतं. नेहमीचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली ताठायला लागतं. ७ अंश! या हिशेबाने दर जानेवारीत निफाडकरांनी टायर बदलायला हवेत. बर्फ पडो न पडो, गोष्ट तापमानाची आहे, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी "ऑल-सीझन" वाचून दाखवलं असतं.

त्या अक्षरांचीही एक कथा आहे. बऱ्याच टायरांवर "एम प्लस एस" असतं, म्हणजे चिखल आणि बर्फ. हे नुसत्या नक्षीच्या मापावरून छापतात. त्यासाठी बर्फावर जावं लागत नाही. आमच्याकडे काही सहकारी मंडळींच्या पाटीवर "विश्वासार्ह" लिहिलेलं असतं, त्यातला प्रकार. १९९९ साली अमेरिका-कॅनडाच्या रबर संघटनांनी खरी खूण आणली. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी. ही मिळायला दाबलेल्या बर्फावर ठरावीक टायरपेक्षा निदान १० टक्के सरस ठरावं लागतं. मी समाधानाने मान डोलावली, तेवढ्यात पुढची ओळ वाचली. तिथली ती चाचणी गाडी ओढण्याची आहे. थांबण्याची नव्हे!

कायद्याचीही तीच तऱ्हा. जर्मनीने २००६ साली नियम केला, की गाडीची सामग्री हवामानाला साजेशी असावी. साजेशी म्हणजे काय ते लिहिलं नाही. आमच्या हेड ऑफिसची सर्क्युलरं वाचलेल्या माणसाला ही भाषा ओळखीची वाटते. २०१० साली ओल्डेनबुर्गच्या न्यायालयाने, हे फार मोघम आहे म्हणून एका गाडीवाल्याचा दंड रद्द केला, तेव्हा त्याच डिसेंबरात सरकारने टायरचं नाव घेऊन नीट लिहिलं. कॅनडात क्वेबेक प्रांताने २००८ च्या डिसेंबरापासून हिवाळी टायर सक्तीचे केले. ओंटारियोत सक्ती नाही. तिथे २०१६ पासून विमा कंपन्यांनी हिवाळी टायरवाल्यांना सवलत द्यायची, एवढंच. सवलत हा शब्द मी आधी वाचला असता तर इतका इतिहास वाचावाच लागला नसता.

शनिवारी मी निखिलरावांना म्हणालो, "चार घ्या."

"मी ऑर्डर कालच दिली, दादा," ते म्हणाले. "वैजूने सांगितलं." मान राखण्याचीही एक मर्यादा असते.

चार टायर आले. शिखरं आणि चांदणी मी प्रत्येकावर बोट ठेवून तपासली. नोटा मोजतो तशी. रिम्ससकट घेतल्याने दर हंगामाला टायर सोडवण्याची खटपट नाही, चाकच बदलायचं. जुनी चार तळघरात गेली. मग गाडीची बाकीची तयारी मी अंगावर घेतली. थंडीत बॅटरीचा जोर ओसरतो म्हणून ती तपासून आणली. काचेवर मारायचं पाणी काढून उणे चाळीसलाही न गोठणारं निळं पाणी भरलं. दर पाच-सहा अंशांना टायरची हवा पौंडभर उतरते, म्हणून दर रविवारी हवा बघायची असं कॅलेंडरवर लिहिलं. डिकीत फावडं, वाळूची पिशवी, घोंगडी, मेणबत्ती, काडेपेटी. पेट्रोल अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायचं नाही. टपावरचा बर्फ झाडल्याशिवाय निघायचं नाही, नाहीतर पहिल्या ब्रेकला तो पुढच्या काचेवर येतो. आणि गाडी बर्फात रुतलीच, तर इंजिन चालू ठेवण्याआधी धुराड्याची नळी मोकळी करायची, कारण तो धूर आत आला तर माणूस झोपेतच जातो. ही शेवटची सूचना मी मोठ्या अक्षरांत लिहून डॅशबोर्डला चिकटवली. वैजूने ती काढली, पण घडी करून कप्प्यात ठेवली.

रविवारी सकाळी एका बंद दुकानाच्या मोकळ्या पटांगणात तिने मला शेजारी बसवलं. खाली ताजा बर्फ, माणूस नाही, गाडी नाही. तिने जरा वेग घेतला आणि सांगितल्याशिवाय ब्रेक मारला. माझं कपाळ पट्ट्यामुळे वाचलं. गाडी थांबली. तिने पुन्हा वेग घेतला, पुन्हा थांबवली. पाच-सहा वेळा. लहानपणी नवी सायकल आणली तेव्हा ती बिल्डिंगच्या आवारात अशाच फेऱ्या मारायची आणि मी कठड्यावर बसून मोजायचो. दोघंही काही बोललो नाही. मग म्हणाली, "चल, चहा घेऊ."

चाक बदलल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून बघायचे असतात. ते काम मी कुणालाही करू दिलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी, हातमोजे काढून, पाना घेऊन बर्फात बसलो. निखिलराव चहाचा कप धरून उभे. वीस नट. एकोणीस जागच्या जागी होते. मागच्या डाव्या चाकाच्या एका नटाला पाव फेरा बसला.